प्लेगच्या वर्षातले ग्रहण

शके १८१९, पौष अमावास्या, वार शनिवार. इंग्रजी तारीख २२ जानेवारी १८९८. आधीच अमावास्या, त्यात शनिवार, त्यात खग्रास सूर्यग्रहण, आणि वर मुंबईत सलग दुसऱ्या हिवाळ्यात प्लेग भडकलेला. अपशकुन मोजत बसणाऱ्याला याहून आणखी काय हवे? पण याच दिवशी, भर दुपारी, आपल्या विजयदुर्गच्या किल्ल्यात माणसांचा एक मोठा जथा आपापली जागा धरून उभा होता. कोणी कॅमेऱ्यापाशी, कोणी घड्याळापाशी, कोणी कागद-पेन्सिल घेऊन. सगळे वाट पाहत होते ती सुमारे दोन मिनिटांची.

वाचकहो, साथ म्हटली की आता आपल्या डोळ्यांपुढे २०२० साल उभे राहते. त्या टाळेबंदीत चांगले असे काय घडले, हा प्रश्न कोणी विचारला की शहाणीसुरती माणसे लगेच न्यूटनचे नाव घेतात. १६६५ साली इंग्लंडात प्लेग आला, केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले, न्यूटन घरी गेला आणि तिथे बसून त्याने मोठे शोध लावले, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. गोष्ट खोटी नाही. पण ती फार लांबची आहे, आणि न्यूटन काही प्रत्येक घरात जन्माला येत नाही. देवगड तालुक्यातल्या एका बंदरात, प्लेगच्या ऐन धामधुमीत, साध्या खलाशांच्या हातून काय काम झाले, ते आपण आज पाहू.

विजयदुर्ग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. वाघोटनची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडावर हा किल्ला उभा आहे. तीन बाजूंना पाणी, एका बाजूला गाव. जुने नाव घेरिया. शिवाजीमहाराजांनी तो घेतला, वाढवला आणि त्याला विजयदुर्ग हे नाव दिले. पुढे आंग्र्यांचे आरमार इथे नांदले. १७५६ साली इंग्रज आरमाराने तोफा डागून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, नंतर तो पेशव्यांकडे आला, आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर तोफा थंड झाल्या. किल्ल्याला काम उरले नाही. बंदर मात्र चालू राहिले. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करीत विजयदुर्गला यायची आणि पुढे मालवण-वेंगुर्ल्याकडे जायची. गावातला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत, आणि घर इकडे, असा आपल्या किनाऱ्याचा संसार त्या आगबोटीच्या दोरीवर टांगलेला होता.

आता हीच दोरी १८९६ च्या अखेरीस जीवघेणी ठरू लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. काखेत, जांघेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या वर होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत तिच्यातली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. कोणी रेल्वेने, कोणी आगबोटीने, कोणी पडावात बसून. ही माणसे जाणार कुठे? आपल्या गावी. म्हणजे देशावर, आणि आपल्या कोकणात. ज्या धक्क्यावर एरवी आई-बायको वाट पाहत उभी राहायची, त्याच धक्क्यावर आता उतरणाऱ्याची तपासणी होऊ लागली. येणारा मुलगा आपलाच, पण त्याच्याबरोबर काय आले आहे ते कोणाला ठाऊक? हा प्रश्न घराघरांत शिरला. त्या प्रश्नाची चव आपण २०२० मध्ये चाखली आहे, म्हणून तो अधिक फोडून सांगत नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरणे, माणूस वेगळा काढणे, सामान जाळणे, प्रवास अडवणे, सगळे अधिकार त्यात आले. (मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात करोनासाठी जो कायदा पुढे केला गेला, तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. कायदे माणसांपेक्षा दीर्घायुषी असतात.) पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला ते सर्वांना ठाऊक आहे. गोऱ्या सोजिरांनी घरे उघडली, देवघरे बाटवली, बायामाणसांची बेअब्रू झाली अशी लोकांची तक्रार होती. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. अशा वर्षाच्या पोटी १८९८ साल उजाडले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या जानेवारी महिन्यात प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे जगात कोणालाही पक्के माहीत नव्हते. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन साहेबांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण हा जंतू चालतो कसा? हवेतून? घाणीतून? धान्याच्या पोत्यांतून? जो तो आपला तर्क लढवीत होता. पोल सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरच्या पिसवेने रोग जातो असे दाखवले, ते जून १८९८ मध्ये, म्हणजे आपल्या ग्रहणानंतर सुमारे पाच महिन्यांनी. आणि त्याचे म्हणणे सर्वांना पटायला त्यानंतरही काही वर्षे गेली. तोपर्यंत सरकारी माणसे घरे धूत होती, गटारांत औषधे ओतत होती, माणसे अडवत होती, आणि उंदीर आपले खुशाल या घरातून त्या घरात जात होते.

एका बाजूला हा अंधार. आणि दुसऱ्या बाजूला, २२ जानेवारीला चंद्राची सावली अरबी समुद्रावरून येऊन विजयदुर्गपाशी किनाऱ्याला लागणार, तिथून देश ओलांडून वऱ्हाड-नागपूरकडे जाणार, हे कितीतरी वर्षे आधी कागदावर मांडलेले होते. शेजारच्या घरातला माणूस आठ दिवसांनी असेल की नसेल ते सांगता येत नव्हते. सूर्य कोणत्या मिनिटाला झाकणार ते सांगता येत होते. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही जोडी. ज्या गोष्टीचे ज्ञान नव्हते तिच्यापुढे माणसे हतबल होती. पण ज्या थोड्या गोष्टींचे ज्ञान होते, तिथे पाय रोवून काम करण्याची जागा उरलेली होती.

शिक्षकांसाठी इथे एक नाव सांगतो. हे गणित मराठीत सामान्य वाचकाला समजावून देणारा माणूस याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता आणि पेशाने शिक्षक होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ १८९६ सालचा, म्हणजे प्लेग आला त्याच वर्षीचा. दीक्षित १८९८ च्या एप्रिल महिन्यात वारले. त्यांच्या ग्रंथाची थोरवी सांगायला वेगळे भाषण लागेल. शाळेच्या कपाटात तो असेल तर धूळ झटकून खाली काढा, एवढेच म्हणतो.

असो. आता विजयदुर्गला येऊ.

ग्रहण पाहण्यासाठी किल्ल्यात तळ ठोकायला जे साहेब आले त्यांचे नाव सर नॉर्मन लॉकियर. वय साठीच्या पलीकडे. ‘नेचर’ हे शास्त्रीय साप्ताहिक त्यांनीच १८६९ मध्ये सुरू केलेले. त्यांच्याबरोबर आल्फ्रेड फाउलर हे शास्त्रज्ञ होते, त्यांचा मुलगा विल्यम लॉकियर होता, आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक पेडलर येऊन मिळाले होते. मदतीला इंग्रज आरमाराची मेल्पोमिनी नावाची युद्धनौका आली. तिचा कप्तान चिझम-बॅटन.

लॉकियर साहेबांची मनःस्थिती कशी असेल याची कल्पना करा. आदल्या खेपेला, ऑगस्ट १८९६ मध्ये, ते नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला असेच ग्रहण पाहायला गेले होते. तिथेही युद्धनौका होती, तिथेही खलाशांना तयार केले होते. आणि ऐन वेळी आभाळ भरून आले. सगळी मेहनत ढगांत गेली. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेरणी करावी आणि पावसाने तोंड फिरवावे, त्यातलाच प्रकार. तरी दीड वर्षाने तोच म्हातारा माणूस तीच यंत्रे घेऊन, प्लेगने भरलेल्या मुलखात, पुन्हा उभा राहिला.

युद्धनौकेवरचे खलाशी म्हणजे काही खगोलवेत्ते नव्हेत. दोर ओढणारी, तोफा पुसणारी, कोळसा मारणारी माणसे ती. त्यांना कामाला लावण्याची लॉकियर साहेबांची रीत मोठी पाहण्यासारखी होती. त्यांनी या माणसांच्या तुकड्या पाडल्या. खग्रास अवस्थेत सूर्याभोवती जे शुभ्र तेजोवलय दिसते, ज्याला आपण प्रभामंडल म्हणतो, त्याचे चित्र काढणारी एक तुकडी. भरदिवसा आकाशात कोणते तारे दिसतात ते टिपणारी एक. जमिनीवर सावलीच्या लाटा सरकतात त्या पाहणारी एक. तापमान किती उतरते ते पाहणारी एक. यंत्रांपाशी काचा बदलणारे वेगळे. आणि अशा मोहिमेत ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त असते तो घड्याळवाला. एवढे सेकंद उरले, तेवढे सेकंद उरले, असे तो मोठ्याने पुकारणार, आणि त्याच्या हाकेसरशी बाकीचे हात चालणार.

दोन मिनिटांत काम उरकायचे तर चूक करायला सवड नाही. मग उपाय एकच, तालीम. ग्रहण नसताना ग्रहणाची कवायत. गावातल्या माणसांना काय वाटले असेल? रिकाम्या आभाळाकडे तोंड करून खलाशी उभे आहेत, एकजण आकडे ओरडतो आहे, बाकीचे कागदावर रेघा ओढताहेत, आणि सूर्य आपला स्वच्छ तळपतो आहे! दशावताराची तालीम आपल्याकडे होत नाही असे म्हणतात. नट थेट रंगमंचावर उभे राहून बोलतात. साहेबाचा खेळ मात्र तालमीवर चालला होता, कारण त्याला प्रयोग एकच मिळणार होता.

यंत्रे हलू नयेत म्हणून किल्ल्यात ओटे बांधले गेले. ते आजही तिथे दाखवतात. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. साहेब आले आणि गेले, पण दगड वाहणारे, चुना कालवणारे, पाण्याच्या घागरी चढवणारे हात इथलेच असणार. ज्या महिन्यांत मुंबईहून येणाऱ्या आगबोटीकडे माणसे धास्तीने पाहत होती, त्या महिन्यांत गावाजवळ एक असे काम निघाले होते की ज्याची तारीख ठरलेली होती आणि जे कोणाच्याही मरणाशी जोडलेले नव्हते. ही गोष्ट लहान वाटेल. पण टाळेबंदीचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना ती लहान वाटणार नाही. त्या दिवसांत सर्वांत जड काय होते? उपास नव्हे, कष्टही नव्हेत. उद्या काय, परवा काय, हे कोणीच सांगत नव्हते, ते जड होते.

२२ तारखेला आभाळ निरभ्र होते. दुपारी सूर्याची कोर बारीक होत होत दिसेनाशी झाली. त्या क्षणी, सूर्याचे बिंब पूर्ण झाकता झाकता, त्याच्या अगदी कडेच्या वायूंचा प्रकाश क्षणभर मोकळा दिसतो. तो लोलकातून पाहिला तर निरनिराळ्या रंगांच्या उजळ रेषा लखकन चमकतात आणि विझतात. प्रत्येक रेषा म्हणजे एकेका पदार्थाची सही. या सह्या पकडण्यासाठी लॉकियर साहेबांनी लोलक लावलेले कॅमेरे आणले होते, आणि ते काम फत्ते झाले. नॉर्वेत ढगांनी जे हिरावले होते ते विजयदुर्गने दिले. या निरीक्षणांचा मोठा अहवाल पुढे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, आणि त्यावर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने त्या युद्धनौकेच्या कप्तानाचेही नाव आहे. मला त्या नावाचे कौतुक वाटते. कारण ते एका अर्थाने सगळ्या खलाशांचे नाव आहे.

आता थोडे अवघड बोलतो. विजयदुर्गला दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली त्या दिवशी लॉकियर साहेबांनी याच किल्ल्यातून ग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगितले जाते, छापलेही जाते. शिक्षकहो, मुलांना हे सांगण्यापूर्वी थांबावे. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण झाले, त्याची सावली दक्षिण हिंदुस्थान आडवा ओलांडून गेली, हे खरे. पण ते ग्रहण यान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले गुंटूरहून, आणि लेफ्टनंट हर्शेल यांनी पाहिले पटवर्धनांच्या जमखंडीहून. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा ओळखीच्या कोणत्याही पदार्थाची नव्हती, तेव्हा सूर्यावर एखादा नवा पदार्थ असला पाहिजे असे त्यांनी म्हटले. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले. कित्येकांनी त्यांची थट्टा केली. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला आणि थट्टा थांबली. तेव्हा विजयदुर्गला आलेले लॉकियर हे हेलियम शोधायला आलेले नव्हते. आपले म्हणणे खरे ठरल्यानंतर तीन वर्षांनी, पुढची पायरी चढायला आलेले होते.

यात गावाचे काही उणे होते का? मला तर उलट वाटते. हेलियमची दंतकथा सोडली की प्लेगमधल्या ग्रहणाची खरी हकिकत मोकळी होते, आणि ती त्या दंतकथेहून माणसाच्या अधिक जवळची आहे. दिन खुशाल साजरा करावा. फळ्यावर सन मात्र बरोबर लिहावा.

त्याच दुपारी ती सावली पुढे जिथून जिथून गेली तिथेही माणसे उभी होती. करमाळ्याजवळ जेऊर स्टेशनापाशी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली दुर्बीण लावून बसले होते. पुणे प्लेगने गांजलेले असताना ही एतद्देशीय माणसाची मोहीम निघाली होती. जवळच अमेरिकेहून आलेले कॅम्पबेल होते. वऱ्हाडात तळणीला अॅनी माँडर या बाईंनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण टिपला, एवढा लांब किरण त्यापूर्वी कोणाच्या काचेवर उतरला नव्हता. आणि टिळक? ते त्या दिवशी तुरुंगात होते. मॅक्समुल्लर यांनी पाठवलेली ऋग्वेदाची प्रत सरकारने त्यांना वाचू दिली होती. आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या, १९०३ साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथाचा विचार तिथे पक्का झाला. त्यांचा तो सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत, ते वेगळे. पण कोठडीत बसून आकाशाचा विचार करणारा माणूस होता, एवढे खरे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे साथीने देशाचे भलेच झाले म्हणायचे! तसे म्हणणाऱ्याशी माझे भांडण आहे. प्लेग पुढे वीस-पंचवीस वर्षे रेंगाळला आणि या देशातली एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणतेही ग्रहण, कोणतेही रस्ते टाकून ते वर उचलत नाही. मुंबईत १८९८ साली शहर सुधारणेचे मंडळ स्थापन झाले, दाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले, पुढे दादर-माटुंग्याची मोकळी वस्ती वसली. हे प्लेगमुळे झाले, आणि चांगले झाले असे पुस्तकांत लिहितात. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या गरीब माणसांना दादरच्या त्या नव्या घरांत जागा मिळाली नाही. चांगले घडले ते कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक गोष्ट मात्र अशी की जी गरिबांनी स्वतःच शिकून घेतली. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायचे. देशावरच्या कित्येक गावांनी वर्षानुवर्षे हे केले. सरकारी छावणीत जायला लोक मरणाएवढे भीत. पण आपल्या शेतात, आपल्या गोतावळ्यासह राहायला ते आपण होऊन गेले, आणि त्याने खरोखर जीव वाचले. शास्त्र सांगू लागण्याच्या आधी लोकांनी उंदराचा आणि रोगाचा संबंध डोळ्यांनी पाहिला होता. उघड्या हवेतल्या त्या दिवसांच्या आठवणी, पोरांनी शेताच्या बांधावर घातलेला धुमाकूळ, एकाच चुलाणावर शिजलेली दोन-चार घरांची भाकरी, हे जुन्या माणसांनी पुढे नातवंडांना हसत सांगितले. मेलेल्यांची आठवण काढताना आवाज उतरायचा, आणि झोपड्यांची आठवण काढताना चढायचा. दोन्ही आठवणी एकाच माणसाच्या.

आता सव्वाशे वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला तो राहिलाच, पुढे रद्द झाला. आगबोटी कधीच्या बंद झालेल्या. त्यांच्या जागी आता महामार्ग. १८९७ साली तपासणी बंदरावर होती, २०२० साली ती खारेपाटणच्या नाक्यावर होती. बाकी चित्र तेच. मुंबईचा चाकरमानी गावी यायला निघाला, आणि गाव त्याच्याकडे प्रेमाने आणि भीतीने एकदम पाहू लागले. गावागावांत ग्रामकृती दल झाले. जिथे मुलांनी पाढे म्हणायचे त्या प्राथमिक शाळेच्या खोल्यांत मुंबईकरांना चौदा-चौदा दिवस ठेवले गेले. गणपतीला येणाऱ्यांसाठी ते दिवस दहावर आणले, त्यावरूनही किती वाद झाले! भावकी भावकीत बोलणे तुटले. हे घडले, ते झाकू नये.

आणि त्याच शाळेच्या खिडकीतून जेवणाचा डबा आत सरकवणारी वहिनीही त्याच गावची होती. एप्रिल महिना, हापूस झाडावर तयार, वाशीचा बाजार कधी उघडा तर कधी बंद. देवगडच्या बागायतदारांपैकी अनेकांनी दलालाला वगळून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात थेट पेट्या उतरवल्या. खाणाऱ्याचे आणि पिकवणाऱ्याचे पहिल्यांदा फोनवर बोलणे झाले. सगळ्यांना हे जमले नाही, कित्येकांचा आंबा खाली सडला. पण ज्यांना जमले त्यांच्यापैकी काहींची ती गिऱ्हाइके टिकली. मासेमारीचेही तसेच. आधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या, मग एप्रिलच्या दहा तारखेनंतर केंद्राने मासेमारीला सूट दिली.

गुरुजींचे काय? शाळा बंद, पण शिक्षण बंद करता येईना. ज्या घरी मोबाईल नाही किंवा रेंज नाही अशा घरची मुले कोकणात थोडी नाहीत. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले, आकाशवाणीचाही आधार झाला. पण खरा आधार होता तो वाडीवर जाणाऱ्या शिक्षकाचा. पडवीत चार मुले अंतर ठेवून बसवायची, मागच्या आठवड्याचा स्वाध्याय तपासायचा, पुढचा द्यायचा आणि पुढची घाटी चढायची. कुठे दूरचे मूल, कुठे घरातले आजारपण, असे करत महिने गेले. तारीख ठरलेले, हातात धरता येईल असे काम. विजयदुर्गच्या खलाशांना जे मिळाले होते तेच.

योगायोग असा की २०२० च्या टाळेबंदीतही एक सूर्यग्रहण आले. २१ जून, रविवार, ज्येष्ठ अमावास्या. उत्तरेत कुरुक्षेत्राकडे ते कंकणाकृती दिसणार होते, आपल्याकडे खंडग्रास. पण मृगाचे ढग! कोकणात त्या दिवसांत सूर्यच मुळी दर्शन द्यायला नाखूष असतो. लॉकियर साहेबांना नॉर्वेत जे सोसावे लागले ते आपल्याकडच्या कित्येकांनी त्या दिवशी अंगणात उभे राहून सोसले.

पण ग्रहण पाहायला दुर्बीण लागतेच असे नाही, आणि वर तर नुसत्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. शाळेजवळ आंब्याचे मोठे झाड असेल तर मुलांना उन्हाच्या वेळी त्याच्याखाली न्या. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडलेले कवडसे गोल दिसतात. का? प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे एक चित्र असते म्हणून. सूर्य कोरीसारखा झाला की ते सगळे कवडसेही कोरीसारखे होतात. १८९८ च्या त्या शनिवारी किल्ल्यात साहेबांचे कॅमेरे चालू होते, आणि गावातल्या झाडांच्या सावल्यांत, जिथे वेध पाळून माणसे दार लावून बसली होती त्या अंगणांतसुद्धा, हजारो बारीक चंद्रकोरी जमिनीवर पसरल्या असतील. आंब्याखाली गोल कवडसा दिसला की मुलांना तो पाटीवर धरायला सांगा, आणि पाटी झाडापासून दूर नेत नेत तो किती मोठा होतो ते पट्टीने मोजायला लावा.